बेलभंडाऱ्याचा वाटा

जेलात नोकरी करते म्हटलं की माणसं आधी माझ्या हाताकडं बघतात. काठी नसली तरी निदान किल्ल्यांचा जुडगा असेल, असं त्यांना वाटत असावं. लग्नाकार्यात बायका हळूच जवळ सरकून विचारतात, "भ्या न्हाई वाटत का गं तुला?" भ्या कशाचं वाटायचं? बीडच्या जिल्हा जेलातल्या आमच्या बायकांच्या बराकीत ज्या होत्या, त्यांतल्या निम्म्या मला माझ्या आत्या-मावश्यांसारख्या दिसायच्या. माझं माहेर दिंद्रुडकडचं, त्यामुळं त्यांची बोली म्हणजे माझ्या घरचीच बोली. पाणी सांडलं की त्या चुकचुकायच्या, भाकरी उरली की पदराखाली झाकून ठेवायच्या. जेलात भाकरी साठवून कुणाला घालणार, पण हाताची सवय जात नाही.

माझा स्वभाव मात्र पहिल्यापासून तापट. आमचे साहेब म्हणायचे, ह्या बाईला काठी कशाला दिली, तोंड पुरेसं आहे. बाया मला भीत होत्या आणि माझी कीवही करायच्या, कारण मला मूल नाही हे सगळ्या बराकीला ठाऊक होतं. जेलात कुणाचं काही लपत नाही, आतल्यांचंही आणि आमचंही. एखादीच्या कडेवर तान्हं असलं तर ती ते मुद्दाम माझ्या मांडीवर आणून ठेवायची. मी वरवर खेकसायची आणि घ्यायची.

मी सांगते ते वर्ष दुष्काळाचं. त्याच्या आदलंही तसंच गेलं होतं. नळ सोडला की नुसता वारा यायचा. टँकरची वाट बघत भांडी रांगेत मांडलेली असायची आणि टँकर आला की रांग कुठं आणि भांडी कुठं. पाण्यावरून एकीनं दुसरीच्या झिंज्या उपटल्या, त्या मी माझ्या हातानं सोडवल्यात. कारखाने बंद पडलेले, ऊस जळालेला, गावंच्या गावं ऊसतोडीला लांब कर्नाटकाकडं गेलेली. बायांना भेटायला येणारं माणूसच मागं उरलेलं नव्हतं.

त्याच सुमाराला एका धार्मिक संस्थेच्या ताई यायला लागल्या. अंगावर पांढरी सुती साडी, पायात रबरी चप्पल, खांद्याला पिशवी. पिशवीत पाट्या, पेन्सिली आणि उदबत्तीचा पुडा. वरून रीतसर परवानगी घेऊन आल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की सकाळी प्रार्थना व्हावी, दुपारी अक्षरओळख, दिवेलागणीला दिवा लावून प्रत्येकीनं तो हातात घेऊन आपली दिवसभराची चूक सांगावी, आणि बराकीचा कारभार बायांनी बायांचा चालवावा. ह्याला त्या 'आपलं राज' म्हणायच्या. मी म्हटलं, ताई, बाहेर राज चालवणारांनी काय दिवे लावलेत ते दिसतंय, आता ह्यांच्या हाती देऊन आणखी काय बघायचं? ताई नुसत्या हसल्या. त्यांना कधी राग यायचाच नाही, म्हणून मला जास्त यायचा.

दर पौर्णिमेला कारभारीण निवडायची ठरली. चिठ्ठ्या लिहायला कुणाला येत नव्हतं, म्हणून ताईंनी मूठभर ज्वारी मागवली. उभ्या राहिलेल्या बायांच्या नावानं वाट्या ठेवल्या, पुढं घोंगडं आडवं बांधलं, आणि एकेकीनं आत जाऊन एक दाणा टाकायचा. पहिल्याच पौर्णिमेला एका वाटीत इतके दाणे पडले की मोजायची गरज राहिली नाही. ती वाटी चेअरमनबाईची होती.

चेअरमनबाई म्हणजे धारूरच्या डोंगराकडच्या एका गावातली शेतकऱ्याघरची विधवा. गावात महिलांची सहकारी दूध संस्था होती, तिची ही चेअरमन. दुष्काळात त्या संस्थेला जनावरांची छावणी चालवायला मिळाली आणि नसलेली जनावरं कागदावर चारा खाऊन गेली. चौकशी लागली तर कागदावर सही एकाच बाईची. बराकीतल्या बाया तिला मुद्दाम विचारायच्या, "कुठं होती वो तुमची संस्था?" ती सरळ सांगायची, "पारापाशी. दाराला पाटी होती. मी शेतात जाताना बघायची." संस्थेच्या आत ती कधी बसलीच नव्हती. थोरल्या दिरानं तिला सही तेवढी गिरवून घेऊन शिकवली होती. सहीच्या पलीकडचं एक अक्षर तिला येत नव्हतं.

बायांनी तिला निवडलं ते थट्टेनं. घरची चेअरमन असताना दुसरी कशाला, असा सगळा मामला. पण पुढच्या टँकरला मी काठी आपटत गेले तर रांग लागलेली. लेकुरवाळ्या पुढं, मग दुखणाईत, मग म्हाताऱ्या, मग बाकीच्या, आणि सगळ्यात शेवटी कारभारणीची घागर. तळाचं गढूळ पाणी तिला यायचं. ती ते फडक्यानं गाळून घ्यायची आणि कुणाला ऐकवायची नाही. भांडणं झाली की दोघींना समोर बसवून दोघींचं ऐकायची, फार बोलायची नाही. माझी काठी कोपऱ्यात उभी राहायला लागली. पुढच्या पौर्णिमांनाही दाणे तिच्याच वाटीत पडत गेले, आता थट्टेनं नाही. एकदा घागर भरून झाल्यावर ती मला म्हणाली, "बाई, चेअरमनचं काम असं असतं व्हय? मला कुणी सांगितलंच न्हाई." मला हसू आलं आणि हसता आलं नाही.

पाटीवर तर ती अशी वाकायची की पदर पेन्सिलीच्या भुकटीनं पांढरा व्हायचा. तिला काना-मात्रा यायला लागल्या. भिंतीवरच्या नियमांच्या फलकापुढं उभी राहून ती एकेक शब्द सोडवायची आणि जमलं की इकडंतिकडं बघायची, कुणी ऐकलं का म्हणून. तिची एकुलती एक लेक बारावी करून बीडातच क्लासला होती. राहायची चुलत्याच्या घरी, म्हणजे त्या थोरल्या दिराकडंच. आधी भेटायला यायची, मग येईनाशी झाली. चेअरमनबाई म्हणायची, "अभ्यास असतो." आम्ही पण म्हणायचो, हो, अभ्यास असतो.

मग एक दिवस तिची वकील आली. सरकारनं दिलेली, कोवळी पोरगी, उकाड्यात काळा कोट घालून घामाघूम झालेली. मला दारात उभं राहावं लागतं, म्हणून सगळं ऐकायला आलं. ती म्हणाली, "काकू, खटला शेवटाला आलाय. आता जज्जसाहेब तुम्हाला विचारतील, तुम्हाला काय सांगायचंय. सह्या कुणी घेतल्या, कारभार कोण बघत होतं, तेवढं नावानिशी सांगा. पुढचं मी लढवते. तुम्हीच गप्प बसलात तर मी काय करू?" चेअरमनबाई पायाच्या अंगठ्याकडं बघत बसली. वकील परत परत तेच म्हणत राहिली आणि शेवटी पाणी पिऊन गेली.

दुसऱ्या दिवशी अंगणातल्या लिंबाखाली ती तांदूळ निवडत होती. मी जाऊन बसले आणि म्हटलं, "दिराला भेता व्हय एवढं?"

"दिराला कशाला भेते? लई तर घराबाहेर काढलं असतं." तिनं एक खडा वेचून लांब टाकला. "मी बेलभंडारा उचललाय, बाई."

आमच्या भागात स्टॅम्पपेपरपेक्षा बेलभंडाऱ्याची जरब मोठी. खंडोबापुढची हळद तळहातावर घ्यायची, वर बेलाचं पान, आणि शब्द द्यायचा. निवडणुकीत माणूस फुटू नये म्हणून पुढारी त्याला देवळात नेऊन हेच करायला लावतात, आणि पाकीट घेऊन फुटणारा माणूस बेलभंडारा उचलल्यावर फुटत नाही. हिला चेअरमन केलं त्याच दिवशी दिरानं देवळात नेलं होतं. लेकीला शेजारी उभं केलं होतं.

"समदं मी केलं, समदं माझ्याकडं, दुसऱ्या कुणाचं नाव ह्या तोंडातून निघालं तर माझ्या लेकीचं..." एवढं म्हणून ती थांबली. पुढचे शब्द तिनं मला कधीच सांगितले नाहीत. तांदूळ निवडत राहिली.

मला संताप आला. कुणाचा यायचा तेही कळेना. मी म्हटलं, देवाला दुसरी कामं नाहीत का? चोराची राखण करायला तो बसलाय का? आणि खरं सांगायचं तर आधीची ती असती, भेदरलेली, मान खाली घालून आत आलेली, तर वकील पोरीनं दोनदा दरडावल्यावर सगळं भडाभडा बोलून मोकळी झाली असती. पण आता ती रोज दिवेलागणीला दिवा हातात घेत होती. खोटं बोलायचं नाही, दिलेला शब्द मोडायचा नाही, हे रोज बाकीच्यांकडून म्हणवून घेत होती. ज्याच्या जोरावर ती ताठ उभी राहिली, त्यानंच तिचं तोंड शिवलं होतं. मी ताईंना गाठलं. म्हटलं, तुम्हीच हिला देवाची एवढी गोडी लावली, आता तुम्हीच सांगा, अशी शपथ पाळायची नसते म्हणून. ताईंनी हातातली पाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मी सांगितलं तर ते माझं राज होईल. त्यांचं त्यांना ठरवू द्या." मला वाटलं, ह्या बाईला धरून गदागदा हलवावं. पण त्यांचेही डोळे भरले होते.

तर ते बायांनी ठरवायला घेतलं. दिवा झाल्यावर सगळ्या गोल बसल्या, मी दारात. ऊसतोडीची एक तरणी पोर होती, चेअरमनबाईच्या मागं मागं सावलीसारखी असायची. ती म्हणाली, "शपथ तोंडाची हाय ना? मग तोंडानं नगा बोलू. आता लिव्हता येतंय. पाटीवर लिहून दावा." पोरी टाळ्या पिटायच्या बेतात होत्या. पण बराकीत एक म्हातारी होती, सगळ्या तिला आत्याबाई म्हणायच्या. ती म्हणाली, "देव काय वकील हाय का गं, असल्या फटीतून जाऊ द्यायला?"

मग आत्याबाईच म्हणाली, की तिच्या सासरी एकदा अशीच अडचण आली होती. एका माणसानं रागाच्या भरात भावाच्या बांधावर पाय ठेवणार नाही म्हणून भंडारा उचलला, आणि पुढं तो भाऊच मरणाला टेकला. तेव्हा सगळ्या भावकीनं त्या भंडाऱ्यातली चिमूट चिमूट तोंडात टाकली आणि तो भावाला भेटायला गेला. "एकट्यावर पडली तर शपथ जाळती," आत्याबाई म्हणाली. "धा जणांत वाटली तर नुसती ऊन लागल्यावानी लागती."

पहिली उठली ती ऊसतोडीची पोर. "मला द्या," ती म्हणाली. "माझी बी एक लेक हाय गावाकडं, आजीपाशी. तुमच्या लेकीचा वाटा तिच्यावर थोडा, माझ्यावर थोडा." मग दुसरी उठली, तिसरी उठली. कुणीतरी म्हटलं, शेअर घ्या गं शेअर, चेअरमनबाईची नवी सोसायटी निघाली. सगळ्या हसल्या. चेअरमनबाई हसता हसता रडायला लागली.

बेलाची पानं मी आणली. माझ्या डब्यात घालून, भाकरीच्या खाली. नियमात बसत नव्हतं ते मला कळत होतं आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही. हळद भटारखान्यातली. चेअरमनबाईनं ती तळहातावर घेतली, वर बेल ठेवला, आणि एकेकीनं येऊन चिमूट उचलली, तोंडात टाकली, तिच्या पायाला हात लावला. मी आजवर बऱ्याच सोसायट्यांच्या सभा पाहिल्यात, माझा नवराही दोनचार ठिकाणी सभासद आहे. सगळे सभासद हजर आणि सगळ्यांचं मत खरं, अशी सभा ती एकच.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. चेअरमनबाईला भूक लागायला लागली. ती सांगायचं काय ते मनाशी घोकायची, ऊसतोडीची पोर जज्ज व्हायची आणि डोळे वटारून विचारायची, "बोल, तुला काय सांगायचंय?" एकदा तिनं पाटीवर दिराचं नाव लिहिलं. आडनावासकट, नीट, वळणदार. थोडा वेळ बघितलं आणि पदरानं पुसलं. मला म्हणाली, "बाई, लिव्हलं की माणूस एवढंसंच दिसतंय."

तारखेच्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून तयार होती. पण त्या दिवशी कुणी मंत्री दुष्काळ बघायला येणार होते आणि सगळे पोलीस तिकडं बंदोबस्ताला. कोर्टात न्यायला गार्डच आला नाही. पुढची तारीख पडली, आणि ती इथूनच टीव्हीवर, म्हणजे व्हीसीवर, घेऊ असं ठरलं. त्या दिवशी गाडी आली असती तर ही गोष्ट मी आज वेगळ्या तोंडानं सांगितली असती. पण आपल्या हातात काय असतं? मी फक्त दार उघडायचं आणि लावायचं.

मधल्या दिवसांत ऊसतोडीच्या पोरीची फोनची पाळी आली. मी तिच्या शेजारीच उभी होते. पलीकडून तिची सासू बोलत होती. पोरीची लेक गावच्या आडात पडली होती. आडाचं पाणी तळाला गेलेलं, मग लहान पोरांना दोर बांधून आत सोडतात, ती तळाशी वाटीनं खरवडून घागर भरतात. दोर निसटला. पोरगी वाचली, पण मांडीचं हाड मोडलं होतं, सरकारी दवाखान्यात ठेवली होती. पोरीच्या हातातला फोन मीच काढून घेतला. ती रडली नाही. ती जशी होती तशीच चालत बराकीत गेली.

दिवेलागणीला ती चेअरमनबाईपुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझा वाटा परत घ्या."

मी ओरडले. मला राहवलंच नाही. म्हटलं, बायांनो, अक्कल गहाण ठेवली का? आडाला पाणी असतं तर ती पोर आत उतरली नसती, आणि पाणी नव्हतं म्हणून बुडाली नाही. दुष्काळानं पाडलं तिला. ह्यात खंडोबा कुठून आला? आणि चेअरमनबाई अजून बोललीसुद्धा नाही. तोंडच उघडलं नाही तर शपथ मोडली कुठं?

"मोडायचं मनात आणलं," आत्याबाई म्हणाली. माझ्याकडं न बघता. "देवाला तोंड लागत न्हाई."

आणि मग तीच उठली. जिनं भावकीची गोष्ट सांगितली तीच. तिला नातवंडं होती. तिच्यामागं बाकीच्या उठल्या. कुणी रागानं नाही, कुणी भांडून नाही. उलट प्रत्येकीची मान खाली. ज्या बायांनी आपापल्या घरच्यांचा मार खाऊन वर त्यांनाच भाकऱ्या करून घातल्या, त्यांना काय म्हणायचं? लेकरं बाहेर, आपण आत, आणि मधे भिंत. लेकराला ताप आला तर कपाळाला हात लावता येत नाही. तिथं खंडोबाला तरी कशाला डिवचायचं, एवढंच त्यांना कळत होतं. मला त्यांचं कळत होतं म्हणूनच माझा जीव जळत होता.

चेअरमनबाई कारभारणीच्या जागी बसली होती. तिनं आवाज चढवला नाही. "ज्येला राजीनामा द्यायचाय त्येनं द्यावा," ती म्हणाली. "सभासदाचा हक्क हाय." हळदीचा पुडा तिनंच पुढं सरकवला. एकेकीनं चिमूट घेऊन तिच्या तळहातावर ठेवली. ऊसतोडीच्या पोरीकडून हळद जमिनीवर सांडली, तर चेअरमनबाईनं ती बोटानं टिपून घेतली. सगळ्यांची झाल्यावर तिनं तळहात तोंडाशी नेला आणि सगळी हळद चाटून खाल्ली. मग दिवा उचलला आणि रोजच्यासारखं म्हणाली, "चला, ज्येची त्येची चूक सांगा."

ताई आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्या ऐकून भिंतीला टेकून बसल्या. म्हणाल्या, राज त्यांचं आहे, निर्णयही त्यांचाच. पण आवाजात जीव नव्हता. वकील पोरगी येऊन गेली, तिनं हात जोडले, ती चिडली. शेवटी मलाच म्हणाली, तुम्ही काहीतरी करा ना मॅडम. मी काय करणार होते? माझ्या हातात किल्ल्या होत्या, पण ह्या कुलपाची त्यांत नव्हती.

व्हीसीच्या दिवशी तिला ऑफिसाशेजारच्या खोलीत मीच घेऊन निघाले. मधे अंगण लागतं. लिंबापाशी आल्यावर माझ्या मनात एकदम आलं, आणि आलं तसं मी बोलून टाकलं. "चेअरमनबाई, समदा वाटा मला द्या. सगळाच्या सगळा. मला लेकरू न्हाई. माझं कुणी आडात पडायचं न्हाई. देव माझं काय वाकडं करणार हाय?"

ती थांबली. माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ही हात पुढं करते. मी माझा तळहात पुढं केलाही होता, बघा. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं होतं, की माझ्या रिकाम्या ओटीचा कुणाला तरी काही उपयोग आहे.

तिनं माझी बोटं धरली आणि हलकेच मिटली. "तुमचं मन लई मोठं हाय, बाई," ती म्हणाली. "पण तारण लागतं वो. तुमच्यापाशी तारणच न्हाई."

सासूनं मला आयुष्यभर जे टोचून टोचून ऐकवलं, तेच हिनं इतक्या मायेनं सांगितलं की मला रागसुद्धा करता आला नाही. मी पुढं होऊन दार उघडलं.

खोलीत एक टीव्ही, वर कॅमेरा, समोर लाकडी खुर्ची. टीव्हीत कोर्ट दिसत होतं, तिरपं. जज्जसाहेब वर, वकील पोरगी खाली उभी, आणि मागच्या बाकावर थोरला दीर. कपाळाला भंडारा लावून आला होता. त्याच्या शेजारी तिची लेक. अंगानं भरली होती, केस कापले होते, मांडीवर मोबाईल धरून खाली बघत होती. चेअरमनबाई खुर्चीच्या कडेवर बसली आणि पुढं सरकली.

साहेबांनी नाव विचारलं, तिनं सांगितलं. साहेब कागदावरचं एकेक वाचत गेले, हे खरं का, ते खरं का. मग म्हणाले, "तुम्हाला स्वतःला काही सांगायचं आहे का?" आवाज जरा उशिरा पोचायचा, म्हणून आधी वाटलं तिला ऐकू आलं नसेल. वकील पोरगी कॅमेऱ्याजवळ आली. "काकू, साहेब विचारतायत. बोला. घाबरू नका." मी भिंतीला टेकून उभी होते. मला बोलायची परवानगी नव्हती. मी मनातल्या मनात तिच्या दिराचं नाव घेत होते, आडनावासकट, जसं तिनं पाटीवर लिहिलं होतं तसं. माझ्या घेण्यानं काय होणार होतं?

"काई न्हाई, साहेब," ती म्हणाली. "समदं मीच केलं."

हे सांगताना ती साहेबांकडं बघतच नव्हती. तिची नजर टीव्हीच्या खालच्या कोपऱ्यात, त्या बाकावर होती. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. वकील पोरीनं फाईल मिटली. दीर उठला, आणि त्याच्या मागं लेक उठली. तिनं ओढणी सारखी केली आणि एकदाही कॅमेऱ्याकडं न बघता टपाटप चालत कोर्टाच्या दारातून बाहेर गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत चेअरमनबाई टीव्हीला नाक लावून बघत होती. मग माझ्याकडं वळली. कित्येक महिन्यांत तिचा चेहरा मी इतका निवांत पाहिला नव्हता.

"बघितलं ना, बाई? कशी ठणठणीत हाय."

हो, मी म्हटलं. ठणठणीत हाय.